नोटीसभाऊ

नोटीसभाऊंना ‘कसं काय भाऊ?’ असं विचारलं की ते तब्येतीचं सांगत नाहीत. ‘बुधवारी पंधरा दिवस संपायलेत,’ असं सांगतात. पंधरा दिवस कशाचे, हे नवख्याला कळत नाही. जुन्यांना कळतं, आणि ते लगेच विषय बदलतात. संभाजीनगरात पाण्याचा विषय कधीही, कुठेही काढता येतो. फक्त नोटीसभाऊंपुढे तोही काढू नये, कारण सगळं प्रकरण सुरू झालं ते पाण्यावरूनच.

पण ते पुढे. आधी माणूस.

साठी ओलांडलेली, सिडकोत स्वतःचं घर, मुलगा पुण्यात, खिशाला दोन पेनं, आणि हातात बटणाची पारदर्शक फाइल. ‘सन्मानाने सेवानिवृत्त’ असं ते स्वतःचं वर्णन करतात. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. एक तर नोटीसभाऊ ही एक व्यक्ती नाहीच. सिडकोच्या प्रत्येक ‘एन’ सेक्टरमध्ये एकेक आहेत, गारखेड्यात दोन-तीन सापडतील, उस्मानपुऱ्यातली मोजदाद कुणी केलेली नाही. नाव न लिहिण्याचं दुसरं कारण वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

हे पीक आमच्याच मातीत इतकं का येतं, याचा मी विचार केला आहे. पुण्यात माणूस दुखावला की दारावर पाटी लावतो. आमच्याकडं वकिलाकडं जातो. शहरात एक अख्खा रस्ताच अदालत रोड आहे, आणि जालना रोडवर हायकोर्ट. १९८१ साली इथं मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं, तेही सरळ आलं नाही. ते बसवता येतं की नाही यावरच कज्जा झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि तिथं जिंकून खंडपीठ टिकलं. ज्या गावाचं कोर्टच कोर्टात जिंकून राहिलंय, तिथल्या माणसाला ‘जाऊ द्या हो’ हे वाक्य कसं पटावं? नंदुरबारपासून नांदेडपर्यंतचे पक्षकार फायली घेऊन इथं उतरतात, त्यांना चहा पाजणाऱ्या टपरीवाल्यालाही ‘ॲडमिशन’ आणि ‘फायनल हिअरिंग’ यांतला फरक ठाऊक असतो. प्रत्येक घराला एक वकील भाचा असतोच. नोटीसभाऊंनी तर निवृत्तीनंतर एलएलबीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं. दुसऱ्या वर्षाला ते गेले नाहीत, पण पहिलं वर्ष त्यांच्या अंगातून अजून गेलेलं नाही.

आता प्रकरण. आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तो काढला एकाच कामासाठी. जायकवाडी तुडुंब भरलेलं असलं तरी आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, अशी आम्ही वर्षानुवर्षं काढली आहेत. आणि येईल तेव्हा ते रात्री दोनला येईल की पहाटे पाचला, हे फक्त व्हॉल्व्ह उघडणाऱ्यालाच माहीत. म्हणून ज्याला नळाची फुसफुस पहिल्यांदा ऐकू येईल त्यानं ग्रुपवर ‘आलं’ एवढंच लिहायचं, असं ठरलं होतं. पुढे त्या ‘आलं’च्या शेजारी सुप्रभात आलं, वाढदिवस आले, मूळव्याधीवरचे उपाय आले. एका उन्हाळ्यात भाऊंनी (तेव्हा ते नुसते भाऊ होते) पाणीबचतीवर मोठा मजकूर टाकला. तांब्यानं अंघोळ, आजोळची विहीर, मलिक अंबरची नहर, शेवटी इस्राईल, असं सगळं त्यात होतं. त्याखाली समोरच्या घरातल्या पोरानं एक ओळ लिहिली: ‘काका, आधी नळाची मोटार काढा, मग इस्राईलला जा.’

आणि त्या ओळीला अकरा जणांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा डकवला.

मोटार होती का, हा प्रश्न मी भाऊंना आजवर विचारलेला नाही. त्या प्रश्नालाही नोटीस येऊ शकते.

खरं सांगायचं तर ती ओळ त्यांनी पचवली असती. लागले ते अकरा चेहरे. ‘लिहिणाऱ्याला अक्कल नाही, हे मी समजू शकतो,’ ते मला म्हणाले, ‘पण हसणाऱ्यांना तर आहे ना?’ हसणाऱ्यांत त्यांचे सख्खे मेहुणेही होते. ‘चष्मा नव्हता, चुकून अंगठा लागला,’ असं त्यांनी पुढे लेखी दिलं. ते पत्र फाइलीत आहे.

वकीलसाहेब बसतात अदालत रोडला, जिल्हा न्यायालयात. भाऊंबरोबर मीही गेलो होतो, ‘साक्षीला’ म्हणून. टेबलावर भाऊंनी मोबाइल ठेवला, चष्मा पुसला आणि ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट हसला. भाऊंनी त्याच्याकडं असं बघितलं, की तेरावा आरोपी तोच.

‘यात शिवी कुठाय?’ वकीलसाहेबांनी विचारलं.

‘काका म्हणालाय.’

‘ती शिवी नाही.’

‘टोन बघा ना साहेब!’

वकीलसाहेबांनी टोन बघितला. मग हातातलं पेन बाजूला ठेवून त्यांनी समजावलं. नुसता अपमान वेगळा आणि बदनामी वेगळी. तुम्हाला वाईट वाटलं, एवढ्यावर बदनामी होत नाही. चौघांच्या नजरेत तुम्ही उतराल असा काहीतरी आरोप हवा आणि तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी वाचलेला हवा. ‘मोटार काढा’ म्हणजे मोटार लावलीय, म्हणजे तुम्ही गल्लीचं पाणी ओढताय. एवढं धरता येईल. इस्राईलचं सोडा.

भाऊंनी इस्राईल सोडायला अर्धा तास घेतला.

दोन दिवसांनी नोटिशीचा मसुदा तयार झाला. ‘आमचे अशील हे समाजात मानाचे स्थान असलेले, सुशिक्षित, सचोटीचे व सन्मानाने सेवानिवृत्त गृहस्थ असून परिसरात त्यांच्या शब्दाला मान आहे...’ अशी त्याची सुरुवात होती. भाऊ वाचत गेले आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज दाटून आला. मी जवळून बघत होतो, नाटक नव्हतं ते. त्यांच्याविषयी इतकं चांगलं कुणी कधी लिहिलेलंच नव्हतं. निरोप समारंभाच्या मानपत्रातसुद्धा ‘वक्तशीर’ एवढा एकच शब्द त्यांच्या वाट्याला आला होता. मला विचाराल, तर त्या दिवशी भाऊंना हवं ते मिळून गेलं होतं. पण मानपत्र वाचायला मांडवात माणसं लागतात. म्हणून त्यांनी नोटिशीच्या झेरॉक्स काढल्या आणि गल्लीत वाटल्या.

इथं या जमातीचा सगळ्यात मोठा घोळ होतो. नोटिशीत बदनामीचा मजकूर शब्दशः देतातच. त्याशिवाय समोरच्यानं नक्की काय म्हटलं ते कळणार कसं? त्यामुळं मूळ ओळ ग्रुपवर ज्यांनी पाहिलीच नव्हती, ज्यांचा ग्रुप कायमचा म्यूटवर होता, जे त्या आठवड्यात लग्नाला बीडला गेले होते, त्या सगळ्यांना ती ठळक अक्षरांत, अधोरेखित, परिच्छेद क्रमांकासह वाचायला मिळाली. गल्लीतली शाळकरी पोरं क्रिकेट खेळताना कुणी आउट झालं की ‘इस्राईलला जा’ म्हणू लागली.

नोटिशीत उत्तराची मुदत तीच पंधरा दिवसांची, आणि भरपाईची रक्कम एक कोटी होती. ‘शंभर कोटी नेत्यांचे असतात,’ भाऊ नम्रपणे म्हणाले, ‘आपण मध्यमवर्गीय.’ नोटिशीत आकडा फुकट असतो, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. दावा दाखल करायची वेळ आली की मागितलेल्या रकमेच्या हिशेबानं कोर्ट फी भरावी लागते. वकीलसाहेबांनी ती कागदावर मांडून दाखवली तेव्हा भाऊंची अब्रू तिथल्या तिथं पन्नास लाखांवर आली, चहा येईपर्यंत दहावर, आणि चहा संपल्यावर ‘नाममात्र’ या शब्दाशी येऊन थांबली. नाममात्रलाही आमच्या शहराचा आधार आहे बरं का. २०२३ साली आमच्याच शहराच्या पश्चिम मतदारसंघाचे आमदार संजय शिरसाट यांच्या वक्तव्यावरून सुषमा अंधारे यांनी पुण्याच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो फक्त तीन रुपयांचा. ती बातमी भाऊंच्या फाइलीत आहे, पण उलटी घातलेली. तीन रुपये या आकड्याचा त्यांना राग येतो. ‘आपल्याकडं पाव कप चहा येत नाही तीन रुपयांत,’ असं ते म्हणतात. मला मात्र त्या दाव्यात जास्त अक्कल दिसते. पैसा मागायचाच नाही, निकाल मागायचा.

तर दिवाणी बाजू बारगळली आणि भाऊ फौजदारीकडं वळले. फौजदारीला कोर्ट फीचा तो भार नाही. भारतीय दंड विधानाचं कलम ४९९ आणि ५०० त्यांना तोंडपाठ होतं. ‘चारशे नव्व्याण्णव’ म्हणताना त्यांचा आवाज वकिलाच्या कोटासारखा कडक व्हायचा. आणि नेमकं १ जुलै २०२४ पासून दंड विधान गेलं, भारतीय न्याय संहिता आली आणि ती दोन्ही कलमं मिळून ३५६ झालं. भाऊंना हा व्यक्तिगत आघात होता. ‘मी तुझ्यावर ३५६ लावीन’ असं त्यांनी समोरच्या पोराला सुनावलं, तर तो म्हणाला, ‘काका, राष्ट्रपती राजवट?’

हे अर्थातच त्यांनी फाइलीत लिहून ठेवलं. आरोप क्रमांक दोन.

नव्या कलमात त्यांना एक गोष्ट मात्र आवडली. शिक्षा जुनीच, दोन वर्षांपर्यंतची साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण आता समाजसेवा करायला लावण्याचीही सोय आहे. त्या एका शब्दावर भाऊंची किती रात्रींची झोप गोड झाली असेल! पोरानं आठ दिवसांतून एकदा पहाटे उठून गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा, अकरा जणांनी हंडे धरायचे, आणि मेहुण्यांनी झाडू मारायचा, अशी सगळी व्यवस्था त्यांनी मनाशी लावून ठेवली होती. मुंबईत मेधा सोमय्यांच्या फिर्यादीवर संजय राऊतांना माझगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी २६ सप्टेंबर २०२४ ला १५ दिवसांची कैद आणि २५,००० रुपये दंड सुनावला, तेव्हा भाऊंनी गल्लीत पेढे वाटले नाहीत एवढंच. अपिलासाठी ती शिक्षा लगेच स्थगित झाली, ही बातमीची खालची अर्धी बाजू होती. भाऊ बातमी वरूनच कापतात.

पोलीस ठाण्यात ते गेले होते. ठाणे अंमलदार वयानं तरुण, बोलायला गोड. त्यानं सगळं ऐकून घेतलं, अगदी मलिक अंबरच्या नहरीपासून. मग म्हणाला, ‘काका, हे आमच्याकडं नाही येत. बदनामी अदखलपात्र आहे, तुम्ही कोर्टात खासगी फिर्याद करा. कामून एवढं मनाला लावून घ्यायले?’ भाऊ हलेनात. शेवटी त्यानं अपमान केल्याबद्दलची अदखलपात्र नोंद करून एनसीचा कागद दिला. पोलीस ठाण्यातून माणूस रिकाम्या हातानं आला नाही, एवढ्यावर भाऊंचं समाधान झालं. गल्लीत मात्र ‘पोलीस केस झाली’ अशी आवई उठली आणि ग्रुपच्या ॲडमिनला ताप भरला. ॲडमिन म्हणजे कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन. ग्रुप त्यानं पुण्य म्हणून काढलेला. भाऊंना त्यालाही सहआरोपी करायचं होतं. पण गोंदियाच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठानं २०२१ साली निर्वाळा दिलाय, की सदस्यानं काही वावगं लिहिलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, सामाईक हेतू दाखवावा लागतो. हे कळल्यापासून तो इलेक्ट्रिशियन फ्यूज बदलायला गेला तरी आधी गोंदिया सांगतो.

पुराव्याचं प्रकरण तर स्वतंत्र खंडच. भाऊंच्या मोबाइलमध्ये नातवाचे फोटो कमी आणि स्क्रीनशॉट जास्त आहेत. कुणी कधी ‘पाहिलं’ पण उत्तर दिलं नाही, कुणी अंगठा दाखवला, कुणी मेसेज टाकून पुसला, सगळं तारीखवार. त्यांना वाटायचं, स्क्रीनशॉटची कलर झेरॉक्स काढली की झाला पुरावा. वकीलसाहेबांनी विचारलं, ‘सर्टिफिकेट?’ आणि भाऊ चमकले. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं. पुरावा कायद्याचं जुनं कलम ६५-ब, आता साक्ष अधिनियमाचं ६३. आणि हा दंडक पक्का झाला तो कुठल्या प्रकरणात? आमच्या शेजारच्या जालन्याच्या. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा मुद्दा. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण हा पुरावा. आमच्या खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली आणि सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२० च्या निकालात अपील फेटाळताना सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नाही तर प्रमाणपत्र हवंच. म्हणजे आज देशात कुठंही नवरा-बायकोच्या भांडणात व्हॉट्सॲप दाखवायचं झालं तरी जालन्याचं नाव घ्यावं लागतं. भाऊंना याचा अभिमान वाटतो. ‘आपल्या भागानं देशाला दिलेली देणगी,’ असं ते म्हणतात आणि पैठणीच्या खालोखाल तिचा नंबर लावतात.

पण कागद जुळवणं सोपं होतं. साक्षीदार जुळवताना भाऊ जेरीस आले.

अडचण अशी, की बदनामी झाली हे पटवायचं तर निदान एका माणसानं कोर्टात उभं राहून म्हटलेलं बरं, ‘हो, हे वाचून माझ्या नजरेतून फिर्यादी उतरले.’ भाऊ असा माणूस शोधायला निघाले. पहिला मान त्यांनी निवृत्त मुख्याध्यापकांना दिला.

‘छे छे, भाऊ! तुमच्याबद्दलचा आदर तसूभरसुद्धा कमी झालेला नाही.’

‘थोडा तरी?’

‘अजिबात नाही.’

‘सर, नीट आठवून बघा. त्या रात्री. मेसेज वाचल्या वाचल्या.’

‘उलट वाढला.’

भाऊ हताश होऊन उठले. आदर वाढला म्हणणारा साक्षीदार म्हणजे आरोपीचाच. किराणावाले शेठ म्हणाले, ‘भाऊ, तुमची उधारी महिन्याच्या एक तारखेला चुकती होते, मग कामून उतरतान तुम्ही?’ कोपऱ्यावरच्या बंगल्यातले गृहस्थ, ज्यांच्याशी भाऊंचं झाडाच्या फांदीवरून जुनं वैर, ते चांगुलपणानं म्हणाले, ‘मी आलो असतो हो. पण माझ्या मनात मुळात काही नव्हतंच. शपथेवर खोटं कसं बोलू?’ मेहुणे तयार होते. पण ते स्वतःच हसणाऱ्यांत, म्हणून वकीलसाहेबांनी त्यांना बाद केलं. शेवटी चहाचे कप उचलता उचलता वहिनी म्हणाल्या, ‘अहो, मी देते साक्ष. माझ्या नजरेतून उतरलात म्हणून सांगते. फक्त त्या मेसेजमुळं नाही सांगता यायचं, आणि तारीख विचारली तर बरीच मागची सांगावी लागेल.’

भाऊंनी हे फाइलीत लिहिलं नाही.

वकीलसाहेबांच्या मते साक्षीदार मिळाला असता तरी उपयोग नव्हता. उलटतपासात त्याला एवढंच विचारतात: ‘आज तुम्ही फिर्यादींना नमस्कार करता का?’ करतो म्हणाला की उतरले कुठं? नाही म्हणाला की आधीपासून वैर. आणि आरोपी पुढे आला आणि ‘हे खरं आहे आणि लोकांच्या भल्यासाठीच बोललो’ म्हणाला, तर कायद्यातल्या दहा अपवादांपैकी पहिलाच त्याच्या बाजूनं उभा. ‘म्हणजे भाऊ, शेवटी प्रश्न मोटारीवर येणार,’ वकीलसाहेब म्हणाले. त्यावर भाऊंनी खिडकीबाहेर बघितलं.

अशा वेळी ते टिळकांना बोलावतात. ‘लोकमान्यांनी चिरोलला सोडला नव्हता!’ हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यांना पुरतं माहीत नाही, की ते म्हणतात त्याहून ही गोष्ट आमच्या गावाच्या जवळची आहे. १९०१ च्या जूनमध्ये टिळक स्वतः इथं, तेव्हाच्या औरंगाबादला आले होते, निजामाच्या मुलखात. पुण्याचे सरदार बाबामहाराज वारले, टिळक त्यांच्या मृत्युपत्राचे विश्वस्त. विधवा ताईमहाराजांना दत्तक घ्यायला मुलगा हवा, तो जगन्नाथ इथला निघाला. इथंच दत्तविधान झालं. पुढे ताईमहाराज फिरल्या, त्यांनी कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा घेतला, आणि कज्जा असा पेटला की टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटलाही झाला. त्यातून ते सुटले. मूळ दिवाणी वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये १९१५ साली त्यांच्या बाजूनं संपला. पण दरम्यान व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानं ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात टिळकांवर जे ताशेरे झोडले, त्यांत हे ताईमहाराज प्रकरणही होतं. टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, १९१८ मध्ये त्यासाठी विलायतेला गेले, दिल्लीच्या काँग्रेसचं अध्यक्षपद त्यापायी सोडलं. चिरोलच्या बाजूनं सर एडवर्ड कार्सन उभे राहिले. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल लागला. टिळक हरले, वर खर्च अंगावर बसला.

त्याआधी १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीबद्दल आगरकरांबरोबर ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहून आलेच होते. म्हणजे एवढा कायदा कोळून प्यालेला माणूस बदनामीच्या खटल्यात आरोपी म्हणूनही हरला आणि फिर्यादी म्हणूनही. हे मी भाऊंना सांगत नाही. ज्या गोऱ्यांनी १८६० साली हे कलम आपल्या गळ्यात बांधलं त्यांनी स्वतःकडचा फौजदारी बदनामीचा गुन्हा २०१० मध्ये मोडीत काढला, हेही नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानं २०१६ साली सुब्रमण्यम स्वामींच्या प्रकरणात ते कलम वैध ठरवलं, एवढं मात्र मी आवर्जून सांगतो. तेवढ्यावर त्यांचा आठवडा चांगला जातो. माझ्या मते ते कलम आता जायला हवं. जेलची भीती घालून कुणाचा मान वाढल्याचं मी पाहिलेलं नाही. पण ते गेलं तर भाऊंनी सकाळी अकरा ते पाच करायचं काय, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

कारण भाऊंना पोरगं तुरुंगात जायला नकोच आहे. गेल्या दिवाळीला त्यांनी त्याला चिवडा दिला, सही घेऊन. त्यांना पैसाही नको. त्यांची अब्रू जिथं गेली तिथंच ती परत हवी, त्याच ग्रुपवर, त्याच माणसांपुढं, आणि जमल्यास त्या अकरा जणांनी हात जोडलेले दाखवून. एवढ्या लहान मापाची दाद कुठल्याच कोर्टात शिवून मिळत नाही. तिथलं सगळ्यात छोटं माप काही वर्षांचं.

म्हणून मग समझोता झाला. मध्यस्थ मुख्याध्यापक. बैठक इलेक्ट्रिशियनच्या दुकानात. ‘माफी’ की ‘दिलगिरी’ यावर पहिला तास गेला. पोरगा दिलगिरीला तयार, भाऊ माफीवर अडून. ‘दिलगिरीपूर्वक माफी’वर तोडगा निघाला. दुसरा तास गेला ‘जर’वर. ‘जर भावना दुखावल्या असतील तर’ असं पोरानं लिहिलं होतं. ‘जर काय जर? दुखावल्यात!’ भाऊ गरजले. ‘जर’ गेलं. मग भाऊंनी अट घातली, माफी ग्रुपच्या माथ्यावर पिन करायची. व्हॉट्सॲपवर पिन करायला तीनच मुदती मिळतात: चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस. पोरगा म्हणाला चोवीस तास. भाऊ म्हणाले तीस दिवस. मधलं दुसरं काही कंपनीनं ठेवलेलंच नाही, त्यामुळं सात दिवसांवर हात मिळवले गेले, आणि मला वाटतं, अदालत रोडच्या इतिहासात इतक्या झटपट मुदत ठरलेली दुसरी नसेल.

माफी पिन झाली. भाऊंनी दोन दिवस फाइल घराबाहेर काढली नाही. वहिनींनी पुरणाच्या पोळ्या केल्या, त्यातल्या दोन समोरच्या घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी गल्लीत नवे भाडेकरू आले, ॲडमिननं त्यांना ग्रुपमध्ये घेतलं, त्यांनाही दिसावी म्हणून माफी पुन्हा टाकून पिन केली, आणि त्यांनी साध्या भोळेपणानं विचारलं, ‘नमस्कार, ही वरची माफी कशाबद्दल आहे?’ सांगायला चौघं एकदम पुढं आले. एकानं मूळ ओळ जशीच्या तशी उतरवली. एकानं इस्राईलऐवजी दुबई लिहिलं. एकीनं नोटिशीचा फोटो टाकला. आणि मेहुण्यांनी, बहुधा चष्म्याशिवायच, मोटारी दोन असल्याचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला भाऊ वकीलसाहेबांच्या टेबलासमोर हजर. फाइल उघडलेली, स्क्रीनशॉट कलर, प्रमाणपत्राचा नमुना भरून तयार. वकीलसाहेबांनी नवा कागद घेतला, ‘आमचे अशील हे समाजात मानाचे स्थान असलेले’ इथपर्यंत न बघता लिहिलं, आणि मान वर करून विचारलं, ‘भाऊ, आता मला पहिल्या परिच्छेदात आकडा लागेल. मोटारी नक्की किती?’